बहादुर म्हणू नका

आमचं रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं आणि यांच्या ऑफिसात कामाचा डोंगर होता. अचानक चार दिवसांची सुट्टी मिळाली, तसे हे म्हणाले, "चाल, काठमांडू पाहून येऊ." दुसऱ्याच दिवशी आम्ही विमानाने निघालो.

तिथे एका देवळाबाहेर चहाला थांबलो. चहावाला प्रत्येक ग्लास दोनदा फडक्याने पुसत होता. आमचं बोलणं ऐकून त्याने मान वर केली. "समता कॉलोनी?"

नऊ वर्षं रायपूरला आमच्या समता कॉलोनीच्या फाटकावर चौकीदार होता तो! सासऱ्यांना दम लागला तेव्हा यानेच त्यांना उचलून रिक्षात बसवलं होतं.

हे आनंदाने ओरडले, "अरे, बहादुर!" कॉलोनीत सगळ्याच नेपाळी चौकीदारांना आम्ही बहादुर म्हणायचो.

त्याने ग्लास आपटला. चहा यांच्या बाहीवर उडाला. "यहाँ मत बोलिए, साहब. ये मेरा नाम नहीं है."

"फिर क्या नाम है तेरा?"

"नौ साल गेट पर खड़ा था. तब पूछना था."

हॉटेलवर परतताना हे धुसफुसत होते, "एवढा काहून भडकला तो? मी काय शिवी देल्ली त्याले?"

मलाही आधी त्याचाच राग आला. सहल नासवली मेल्याने! मग सासऱ्यांना उचलणारे त्याचे हात आठवले, आणि नऊ वर्षांत एकदाही नाव विचारलं नाही म्हणून स्वतःचाच संताप आला.

सकाळी मी एकटीच गेले. "भैया, अपना नाम बताइए ना."

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "चाय पीनी है तो बैठिए, दीदी."

मी बसले. चहा संपल्यावरही बसून राहिले. त्याने नाव सांगितलं नाही.