पाण्याखालच्या मचव्यावर पाय ठेवला

मंडणगडच्या स्टँडवर एसटीत बसले, तेव्हा आमचे हे खिडकीपाशी आले नि बोलले, "चिखलाशिवाय काय दिसणार आहे तुला तिथं?"

मी बोलले, "चिखल तर चिखल. आपला आहे."

आपला म्हणजे मचवा (मासे मारायची मोठी होडी). माझ्या पाटल्या नि माळ मोडून तो बांधला होता. पण तेव्हा आमच्याकडे बाईनं मचव्यावर पाय ठेवायचा नाही, अशी रीत. पाण्यात ढकलायच्या आधी मी वाळूत उभी राहून नाळेला (पुढच्या टोकाला) हळदकुंकू लावलं, तेवढंच. पुढं एका वादळात तो रत्नागिरीपुढच्या खडकावर आपटला नि बुडाला. हे नि दोघे खलाशी पोहून वाचले. ह्यांनी परत समुद्राचं नाव काढलं नाही. आम्ही माझ्या माहेरी डोंगरात आलो. दुसऱ्याच्या शेतात लावणी केली, डोक्यावरनं लाकडं विकली, पोरं वाढवली. झालं ते झालं. पण ज्याच्यात माझं अंगावरचं सगळं गेलं, तो मचवा आतून कसा होता, ते मला कधी कळलं नाही.

माझी नात सुजाता रत्नागिरीला लोकांना समुद्राच्या तळाशी नेते. तिकडं मासळीला घर व्हावं म्हणून पाण्यात सिमेंटचे ठोकळे सोडलेत. त्यांच्या बाजूला एक जुना मचवा पडलाय, तो तिनं आम्हाला फोनवर दाखवला. ह्यांनी बघितलं नि उठून बाहेर गेले. मला कळायचं ते कळलं.

खेडला गाडी बदलली. चहा घेतला, तो निम्मा बाजूच्या बाईच्या पिशवीत सांडला. ती तोंड वाकडं करून पिशवी झटकत बसली. मग मीच तिला माझ्यातली भजी दिली, तेव्हा हसली. रत्नागिरीला पोचले तर सुजातानं बांगड्याचं तिखलं (घट्ट आंबट-तिखट कालवण) करून ठेवलं होतं. मीठ कमी होतं. मी तसंच जेवले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं कान, छाती, सगळं तपासलं नि जायला हरकत नाही म्हणाला. मग पोहण्याच्या टाकीत शिकवणी. नळी दातात धरून तोंडानं श्वास घ्यायचा. माझे दात राहिलेत मोजके, ते पण एका बाजूला. नळी सारखी निसटे, खारट नसलं तरी पाणी नाकात जाई. शेवटी हिरडीनं धरली घट्ट.

पाण्यात बोलता येत नाही, म्हणून खुणा. बोटाचा गोल म्हणजे बरं आहे. अंगठा वर म्हणजे वर न्या.

"आजी, अंगठा विसरू नकोस हां."

"जन्मभर अंगठाच लावलाय गो मी. तो कसा विसरेन?"

तिसऱ्या दिवशी सकाळी होडीनं निघालो. होडीवाले अब्बासभाई माझ्याच वयाचे. मला रबराच्या कपड्यात बघून बोलले, "बाय, आमच्या बापानं बघितलं असतं तर होडी धुऊन काढली असती. बाईमाणूस होडीत."

मी बोलले, "आणि आता?"

"आता बायकाच जास्त येतात. नाय घेतल्या तर मी खाऊ काय?"

मागं उलटी पडले नि पाण्यात गेले. कान ठणकले. सुजातानं माझा पट्टा धरलेला. हळूहळू खाली आलो तर हिरव्या पाण्यात ठोकळे दिसायला लागले. त्यांच्यातनं तांबोशी (लाल मासे) फिरत होत्या. आणि पलीकडं नाळ उभी होती. आमची. बाकी लाकूड पुष्कळ खाल्लेलं, पण नाळ ताठ.

माझे हात आपोआप जोडले गेले.

सुजाता थबकली. माझ्या तोंडाकडं बघितलं नि मला धरून वर न्यायला लागली. मी मान हलवते, गोल दाखवते, पण ती ऐकेना. वर येऊन नळी काढली नि मी तापले.

"मला का आणलंस वर?"

"तूच हात जोडलेस ना? मला वाटलं, पुरे झालं म्हणतेयस. आई पण हात जोडून असंच म्हणते, हात जोडते बाई, सोड मला."

"अगो, मी नमस्कार केला."

अब्बासभाई हसून हसून खाली बसले. सुजाता मात्र घाबरली होती. बोलली, "आता नको. पाणी गढूळ होईल, उद्यापासून वारा आहे. पुढच्या थंडीत बघू."

पुढची थंडी मला कोणी लिहून दिली होती? मी होडीच्या काठाला धरून राहिले, वर काही चढले नाही. "मी इथंच थांबते," बोलले.

अब्बासभाईंनी पाण्याकडं बघितलं. "सुजाता, पाण्याची ओढ फिरली नाय अजून. ने तिला. नायतर ही रात्रभर लोंबकळेल."

सुजातानं माझी हवा किती उरली ते काट्यावर बघितलं. "हात जोडायचे नाहीत."

"नाही जोडत."

दुसऱ्यांदा कान ठणकले नाहीत. नाळेवर हात फिरवला, शेवाळ रेशमासारखं लागलं. बरगड्यांवरून पुढं गेलो. इंजिनाच्या भोकातनं शेवंडीच्या (मोठ्या झिंग्याच्या) मिशा बाहेर आलेल्या. मागं सुकाणूपाशी फळीचा एक तुकडा अजून जागेवर होता. सुजातानं मला सरळ धरलं. मी उजवा पाय ठेवला. मग डावा. पायाला बदकासारखे पंख होते, असू देत. मी माझ्या मचव्यावर उभी राहिले. सुजातानं खुणेनं विचारलं, बरं आहे? मी दोन्ही हातांनी गोल केले.

मंडणगडला परतताना घाटात झोप लागली नाही. लोकं म्हणतात बुडालेलं गेलं. मला तसं वाटत नाही. माझ्या पाटल्यांवर आज मासळी नांदतेय, ती काही थोडी कमाई नाही.

घरी हे ओटीवर वाट बघत होते. पाण्याचा तांब्या पुढं केला. मग हळूच, "कुठं उभी राहिलीस?"

"सुकाणूपाशी."

"तिथं मी उभा असायचो."

"ठाऊक आहे," मी बोलले. "जागा चांगली ऐसपैस आहे हो. तेव्हासुद्धा दोघं मावलो असतो."