अर्ध्या पिंपातलं गोडं पाणी

माझा नवरा पाणबुड्या होता. मिऱ्या बंदराच्या बाजूला पावसाळ्यात एक बार्ज, म्हणजे माल वाहायची सपाट बोट, बुडाली होती आणि तिचं लोखंड कापून वर काढायचं काम एका ठेकेदाराने घेतलं होतं. ऐंशी सालानंतरची गोष्ट. दिवाळी झाली, समुद्र निवळला, की नवरा रोज सकाळी पाठीवर हवेचा बाटला बांधून खाली जायचा. दुपारी घरी आला की सगळं सामान माझ्या पुढ्यात आदळायचा. आदळायचाच. ठेवणं त्याला माहीत नव्हतं.

धुणं माझ्याकडे होतं. घरापुढच्या खळ्यात तेलाचं पिंप कापून केलेलं अर्धं पिंप होतं, ते मी विहिरीच्या गोड्या पाण्याने भरायची. समुद्राचं पाणी सुकलं की त्याचं मीठ धातूला खातं आणि झडपा अडकवतं. आधी रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून तो खाली श्वास घेई ते यंत्र. बाटल्याकडच्या टोकाला टोपण घट्ट बसवायचं, मगच ते पाण्यात सोडायचं. पाण्यात असताना त्याचं बटण चुकूनही दाबायचं नाही, नाहीतर पाणी आत शिरतं. रबरी सूट उलटा करून सावलीत वाळवायचा, सुरीला खोबरेल लावायचं, आणि शेवटी कमरेचा शिशाच्या वजनांचा पट्टा. ठेकेदाराच्या माणसाने हे एकदाच दाखवलं होतं. मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

मारायचा तो आधीपासूनच. त्याला कारण लागत नसे. भात गार आहे, दार उशिरा उघडलं, काहीही पुरायचं. मीही गप्प बसणाऱ्यातली नव्हते, तोंड चालवायची, म्हणून आणखी दोन बसायच्या. शेजारी तेवढ्यापुरती दारं लावून घ्यायचे आणि सकाळी विहिरीवर माझ्या गालाकडे बघत बसायचे. मला त्या सगळ्यांची चीड यायची.

एका संध्याकाळी तो पिऊन आला आणि मी पिंपावर वाकलेली असताना त्याने पिंपालाच लाथ घातली. पाणी सांडलं, रेग्युलेटर गडगडत पुळणीच्या वाळूत जाऊन पडला. मी उचलायला गेले तर मला ढकलून त्याने स्वतःच उचलला आणि तसाच खुंटीला टांगला. "राहू दे, फार धुतलंस," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो खाली गेला. रेग्युलेटरमधून श्वास बाहेर जातो तिथल्या पातळ रबरी झडपेखाली वाळूचा कण अडकला होता. हवेबरोबर समुद्र तोंडात यायला लागला. होडीवर त्याचा धाकटा भाऊ असायचा, त्याने दोरीने ओढून त्याला वर घेतला, म्हणून वाचला.

घरी आला तो शिशाचा पट्टा हातात घेऊनच.

"मारायला निघालीस मला?"

पहिला फटका पाठीत बसला. दुसरा मी उजव्या हाताने अडवला आणि बोटांचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी खाली पडले, तरी पट्टा चालूच होता. दीर मध्ये पडला तर त्याच्याही तोंडावर बसला. त्याचा दात तुटला, ओठ फाटला. शेवटी त्याने मागून भावाला कवळ्यात धरलं तेव्हा पट्टा सुटला. खळ्यातलं रक्त माझं किती नि दिराचं किती, ते कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी डाव्या हाताने पिंप पुन्हा भरलं. त्या वेळी मला तो मेलेला हवा होता, हे सरळच लिहिते. वाळू हाताशी होती, चिमूटभर पुरली असती. पण मी झडप उचलून तिच्याखाली पाणी सोडलं, कण न् कण काढला. माझ्या हातचं काम वाईट झालेलं मला खपत नाही. शिवाय ज्याच्यापायी तुरुंगात जावं एवढी त्याची लायकी नव्हती.

सकाळी नेहमीप्रमाणे सामान होडीपाशी पोचवलं. तो होडीच्या काठावर बसला, बाटला चढवला, रेग्युलेटर तोंडाशी नेला आणि थांबला. माझ्या हळद बांधलेल्या हाताकडे बघितलं. मग पुन्हा रेग्युलेटरकडे.

"नीट धुतलंस ना गो?" इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा विचारलं.

"तुम्हीच बघा."

त्याने फुंकून बघितलं, वास घेतला, भावाला श्वास घ्यायला लावला. भावाने सुजलेल्या तोंडाने घेतला. "दादा, वहिनीने चांगलं धुतलंन," म्हणाला. तरी याने रेग्युलेटर तोंडात घेतला नाही. होडीवरच्या सगळ्यांच्या देखत आपण भ्यालो हे त्याला कळलं, तसा तो माझ्या अंगावर धावून आला. हात वर उचलला आणि हात तसाच वर राहिला. दुपारी सामान पुन्हा माझ्याच पुढ्यात येणार होतं.

त्या दिवशी तो खाली गेला नाही. मग काही दिवस स्वतः धुवून बघितलं, पण स्वतःच्या हातांचा त्याला माझ्याहून कमी भरवसा होता. एका दुपारी येऊन त्याने रेग्युलेटर माझ्यापुढे अलगद ठेवला. त्यानंतर अंगाला बोट लावलं नाही.

"वहिनी, दादा सुधारला," दीर म्हणाला.

"सुधारला नाय," मी म्हटलं, "भ्यालाय."

पुढच्या मे महिन्यात बार्जचं लोखंड संपलं. ठेकेदाराचा टेम्पो सामान न्यायला येणार होता. आदल्या संध्याकाळी मी शेवटचं धूत होते आणि नवरा ओट्यावर बाटली घेऊन बसला होता. फार दिवसांनी खुशीत दिसला.

"उद्यापासून हे धुवायला नको," तो हसत म्हणाला.

"नको," मी म्हटलं. त्याच्या भीतीचाही तो शेवटचा दिवस होता.

पहाटे टेम्पो आला तेव्हा तो घोरत होता. मी सामान चढवलं आणि ड्रायव्हरशेजारी बसले. दिराने बघितलं, पण हाक मारली नाही. मूलबाळ नव्हतं म्हणून सोपं गेलं, असं लोक नंतर म्हणाले. सोपं नव्हतं. हातखंब्याला उतरून मी लांज्याची एसटी धरली, तिथे माझा भाऊ काजूच्या कारखान्यात होता. हातखंब्यापर्यंत रेग्युलेटर माझ्या मांडीवर होता, कोरडा, टोपण लावलेला. टेम्पोतून उतरताना तो माझ्या जागेवर ठेवला.