फ्रीजरबाहेरचा काटा

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी फ्रीजवाले आजोबा साच्यातल्या गोठलेल्या केळ्याच्या थरावर चमच्याच्या पाठीवरून स्ट्रॉबेरीचा रस हळूहळू सोडत होते. खालचा संत्र्याचा थर केव्हाच दगड झाला होता. त्यांनी जन्मभर लोकांचे फ्रीज दुरुस्त केले. पण गेल्या सुट्टीत नातवंडांनी "झालं का?" म्हणत सारखं फ्रीजरचं दार उघडलं आणि जेवणाला आलेल्या पाहुण्यांना तीन थरांच्या आइस्क्रीमऐवजी तीन फळांचं सरबत प्यावं लागलं.

"बाबा, यंदा पेलेच काढून ठेवू ना?" मुलीने चिमटा काढला.

"सुरी काढ. कापून वाढणार आहे."

त्यांनी साचा आत ठेवला. धाकटी नात लगेच पुढे सरकली. "एकदाच बघू?"

"दार उघडायचं नाही."

"मग कळणार कसं?"

आजोबांनी दुरुस्तीच्या पिशवीतून थर्मामीटर काढला. त्याच्या बारीक वायरचं टोक साच्याला टेकवलं, दार लावलं आणि काट्याची डबी बाहेर चिकटवली. "काटा डबीवरच्या या लाल खुणेखाली गेला आणि सकाळपर्यंत तिथंच राहिला, की गोठलं समजा."

मुलं फ्रीजसमोर फतकल मारून बसली. संध्याकाळी काटा खुणेखाली उतरला. आजोबा उठले आणि सवयीने त्यांचा हात दाराकडे गेला.

"आजोबा! दार!" धाकटी ओरडली.

त्यांनी हात मागे घेतला.

उद्या सुट्टी आहे, आजोबांचं दुरुस्तीचं दुकान बंद. पाहुण्यांचं जेवण एक वाजता आहे आणि फ्रीजर पावणेएकला उघडणार आहे.