यमुनाचा दहावा

टेंभुर्णीत कोणी गेलं की तिरडी बांधायला मी अन् रंगनाथ. तीस-पस्तीस वर्षं झाली. अशा कामात किस्से आपोआप साचतात. लोक ऐकून हसतात, मला मात्र अजून रागच येतो.

मौतीहून, दहाव्याहून आलो की परसात आंघोळ करायचो. तिथं माझी धाकटी बहीण यमुना रोज दुपारी भिंतीवर कावळ्यांना भाकर कुस्करून टाकायची. तरणीताठी विधवा होऊन माझ्याकडं आल्ती, लेकरूबाळ न्हाई. गावच्या गुरुजींनी तिला एकदा सांगून टाकलं, "बाई, मुलाशिवाय गती न्हाई. जीव लटकून राह्यतो." तवापासून दर वेळी विचारायची, "दादा, आज कावळा शिवला का?"

मंग मी तिला किस्से सांगायचो.

सखाराम गेला तेव्हाचा. माणूस गेला त्या जागी आमच्याकडं पीठ पसरून टोपलं झाकतात. सकाळी पिठात ज्याचा पाय उमटला, त्या जन्माला जीव गेला म्हणायचं. थोरल्या लेकानं टोपलं उचललं अन् म्हणाला, "वाघाचा पाय हाये. बाप वाघच होता."

कोपऱ्यातून सखारामची म्हातारी बोलली, "जिता होता तवा मांजरावाणी चुलीपाशी बसवला तुम्ही. आता बरा वाघ झाला!"

बापूरावच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. लेकांनी जिलेबी ठेवली, बिडी ठेवली, चहा ठेवला. काहीच न्हाई. शेवटी मला विचारलं, "काका, आमच्या बापाला काय आवडायचं?"

पाच वर्षं तो बाप बाहेरच्या छपरात पडून होता, एक दिवसाआड माझ्या दारात जेवायचा. मी सावकाश सांगितलं, "वेळेवर भाकर."

यमुना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मंग म्हणाली, "अन् माझं कसं व्हईल, दादा?"

मी गुरुजींकडं गेलो. म्हणलं, "गती मिळंल, एवढं बोला तिला. बिचारी झुरून राह्यली."

"शास्त्र माझ्या हातात न्हाई," म्हणाले, अन् मोपेडला किक मारली.

यमुना मरेस्तोवर तसंच विचारत गेली.

तिच्या दहाव्याला नदीवर पिंड मीच ठेवला. ऊन डोक्यावर आलं, एक कावळा फिरकला न्हाई. गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, "मी तर आधीच म्हणालो होतो." जन्मात कोणावर हात उगारला न्हाई मी. त्या दिवशी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

तेवढ्यात दूध आणायला घरी पाठवलेला रंगनाथ रिकामाच पळत आला.

"इथं कशाची वाट बघता? कावळे सगळे तुमच्या परसात आलेत. भिंतीवर बसायला जागा न्हाई. यमुनाबाईची भाकर टाकायची वेळ झाली ना!"

गुरुजी म्हणाले, "घरच्या भिंतीवर शिवलेलं चालत न्हाई."

मी पिंडाची पत्रावळ उचलली अन् घराकडं निघालो. मागं रंगनाथ, त्याच्या मागं सारा गाव, अन् सगळ्यात मागं, धोतर सावरत, गुरुजी.