काटे, दोरा आणि पलीकडचं चाक

रिसोडच्या शाळेत भूमितीचा तास सुरू झाला की माझे हात जागेवर राहत नसत. गुरुजी फळ्यावर खडू ओढायचे. तो करकरत एका बाजूला जायचा, थांबायचा, वळायचा, पुन्हा करकरायचा. "हा झाला त्रिकोण," ते म्हणायचे. सगळ्या वर्गाला तो झालेला असायचा. मी मांडीवर बोटं घासत बसायचो. देवी येऊन माझे डोळे गेले तेव्हा मी इतका लहान होतो की त्रिकोण पाहून ठेवायचं राहूनच गेलं होतं.

शाळेत मला घेतलं ते ताईच्या भरवशावर. ती माझ्याहून मोठी, पण उशिरा शाळेत घातलेली, म्हणून एकाच वर्गात. आमचा भाजीचा मळा गावाला लागूनच होता. संध्याकाळी मेथीच्या जुड्या बांधून झाल्या की मी तिच्या मागे लागायचो, "काय काढलं गुरुजीनं? मले दाखव." ती पाटीवर त्रिकोण काढून माझं बोट त्यावरून फिरवायची. जरा कुठे खरखर लागते तोच ती ओरडायची, "अरे, पुसलं ना तू!" माझं बोट जिथून जायचं तिथली रेघ नाहीशी व्हायची.

मग आम्ही मायचं करंज्या कापायचं कातणं पळवलं. गोधडीवर कागद ठेवून त्याचं दातेरी चाक दाबून फिरवलं की कागदाच्या पाठीवर बारीक उंचवटे उठायचे. ताईनं मळ्यापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढला. मी कागद पालथा करून चाचपला आणि चिडलोच. मारुतीच्या देवळापाशी आम्ही उजवीकडे वळायचो, कागदावर रस्ता डावीकडे वळत होता. पालथं केल्यानं सगळीच उलटापालट झाली होती. "उलटं काढून देऊ का?" ताईनं विचारलं. तसं तिनं काढलंही. पण मला ते नको होतं. तिनं काढायचं आणि मी चाचपायचं, यात माझं काय? मला स्वतःला काढायचं होतं आणि काढता काढता रेघ कुठे चालली आहे ते हाताला कळायला हवं होतं.

त्या दिवसांत मी कुणाला धड बसू दिलं नाही. ओल्या वाफ्यात काड्या रोवल्या, त्या पाणी सुटल्यावर वाहून गेल्या. कणकेच्या वळ्या पाटावर चिकटवल्या, त्या कोंबड्यांनी खाल्ल्या. एकदा कुंपणाचा बाभळीचा काटा पायात रुतला. मायनं काढून माझ्या हातात दिला तो मी रागानं शेजारच्या कापसाच्या गाठोड्यात खुपसला. तो तिथेच ताठ उभा राहिला. मी चाचपून पाहिलं आणि ओरडलो, "ताई, आणखी काटे आण! अन् दोरा!"

बाबांनी गोणपाटात कापूस ठासून ती गादी फळीवर ठोकून दिली. "हे काय करून राह्यला रे?" त्यांनी विचारलं.

"रेघ," मी म्हणालो.

तीन काट्यांना ताणून दोरा गुंडाळला की त्रिकोण व्हायचा. चुकला तर काटा उपटून हलवायचा. गुरुजी आधी म्हणाले, "हे खेळणं घरी ठेव." पण मी समद्विभुज त्रिकोण करून पुढे धरला तेव्हा त्यांनी सुतळीनं बाजू मोजल्या आणि म्हणाले, "ही बाजू बोटभर जास्त झाली. नीट कर." मला शाबासकीपेक्षा ते बरं वाटलं.

भांडण झालं ते बैलगाडीवरून. वर्गात बाजूनं दिसणारी गाडी काढायची होती. मी दोन चाकं काढली. ताई म्हणाली, "एकच काढ. बाजूनं एकच दिसते."

"मंग दुसरं कुठी गेलं?" मी विचारलं. वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते मळ्यात आले. बैल सोडून ठेवलेल्या गाडीजवळ त्यांनी मला उभं केलं आणि सुतळीचं एक टोक माझ्या गालाशी धरायला लावलं. "ही नजर समज. ती सरळच जाते, वाकत नाही. आता दुसरं टोक घेऊन पलीकडच्या चाकाले लाव."

मी सुतळी ताणत पुढे नेली. ती अलीकडच्या चाकाच्या लाकडाला टेकली.

"अडली," मी म्हणालो.

"नजरही अशीच अडते."

मला पटेना. मी सुतळी वर केली, खाली केली. एकदम ती आऱ्यांमधून आरपार गेली आणि माझा हात पलीकडच्या चाकाला लागला. "पोचली, गुरुजी!"

ते मोठ्यानं हसले. "बरोबर. तेवढं दिसते खरं."

"मंग तेवढं काढू का?"

"काढ."

"पण माहा हात अडत नाही. तो मागं जाऊन येते," मी म्हणालो.

त्यानंतर मला चैन नव्हतं. कोंबडी, विहीर, चुलीपुढची माय, सगळ्यांना मी सुतळी लावत सुटलो. माय वैतागली, "काहून मले बांधून राह्यला?" अर्धं जग अर्ध्या जगामागे लपलेलं आहे आणि डोळसांना त्याचं काही वाटत नाही, हे मला खपत नव्हतं.

चौथीनंतर पुढच्या शाळेच्या हेडमास्तरांनी विचारलं, "भूगोलाचे नकाशे कसे काढशील?" "काढीन," मी म्हणालो. नकाशा म्हणजे काय ते मला धड ठाऊक नव्हतं. त्यांनी मला घेतलं आणि देशाचा नकाशा पुठ्ठ्यातून कापून दिला. ताईचं त्याच हिवाळ्यात लग्न झालं, ती मालेगावला गेली. मी एकटा पुठ्ठ्याची कड चाचपत काटे रोवायचो. पश्चिमेचा किनारा हाती लागेना. जागोजागी आत शिरलेला, दोरा ताणला की सरळ व्हायचा. मी उपटायचो, पुन्हा रोवायचो.

दिवाळीला ताई आली आणि फळीजवळ बसली. "हे वाकडंतिकडं काय?"

"समुद्राची कड."

"तू पाह्यला का समुद्र?"

"तू तरी कुठी पाह्यला?"

ती खूप हसली, मीही हसलो. पण माझं बोट तोवर खाली सरकलं होतं. तिथे दोरा पुन्हा ढिला पडला होता.