महादूंचं खरं उत्तर

धसईजवळच्या पाड्यातली योगिनी राज्यशास्त्रात एम.ए. झाली आणि तिला एका विद्यापीठाच्या पाहणीत काम मिळालं. लोकशाहीवरचा लोकांचा विश्वास कुठे आणि का उडत चाललाय, हे तिथल्या अभ्यासकांना समजून घ्यायचं होतं. घरोघरी जाऊन प्रश्न विचारायचे आणि उत्तर जसंच्या तसं लिहायचं. "तुमचं मत चेहऱ्यावर दिसता कामा नये," असं प्रशिक्षणात बजावलं होतं.

सरावासाठी तिने वडिलांनाच पडवीत बसवलं. महादू भातशेती करणारे, बोलायला मोकळे. सुरुवातीची उत्तरं त्यांनी हसतखेळत दिली. मग तिने वाचलं, "निवडणुका, सभा काही नको. एकच खंबीर नेता सगळं ठरवील. हे चांगलं की वाईट?"

"चांगलं."

योगिनीचा हात थांबला. लहानपणी हेच बाबा तिला बोट धरून ग्रामसभेला न्यायचे, उभे राहून सरपंचांना जाब विचारायचे.

"बाबा, तुमी असं कसं बोलता?"

महादूंनी तिच्याकडे पाहिलं. "मंग वाईट लिव."

"का बदललंत?"

"तुला वाईट वाटलं ना गो."

तिला भरून आलं. लेकीचा चेहरा पडला म्हणून बाबांनी आपलं मतच सोडून दिलं होतं. तिने 'चांगलं'वरच खूण केली आणि कागद बाजूला ठेवले.

"आता तुमची पोर म्हणून इचारते. असं का वाटतं?"

"पान्यासाठी दर सभेत हात वर केला. ठराव झाले, पुढं कोनी बघितलं नाय. दमलो पोरी. वाटतं, कुनीतरी एकदाचं करून टाकावं."

योगिनीने वाद घातला नाही. नुसती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. उठताना म्हणाली, "येत्या सभेला मी येते तुमच्यासंगं."

सभेत महादू मागे भिंतीला टेकून बसले, उठेनात. शेवटी योगिनीच उभी राहिली. "पाण्याच्या ठरावाचं काय झालं?"

"बघून सांगतो पुढच्या सभेत," ग्रामसेवक म्हणाले.

"पुढच्या नाय!" मागून ओळखीचा आवाज आला. महादू उभे होते. "कंच्या तारखेला सांगनार, ते आताच लिवा."

पाड्यातले धाऊकाका उठले, मग रुपाकाकू. ग्रामसेवकांनी तारीख लिहिली.

पाणी अजून आलेलं नाही. महादू मात्र त्या दिवशी परतताना घरापर्यंत बोलत होते, आणि योगिनी ऐकत होती.