आत घेतलेले ड्रेस

धामणकर नाक्यामागच्या गल्लीत कपडे दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. ओठांत दोन टाचण्या धरूनच त्या बोलायच्या. पत्नी गेल्यावर माझी सतरा वर्षांची मुलगी सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे उपवास धरू लागली. आईसाठी करते, या समजुतीने मला तिचा अभिमानच वाटायचा. ड्रेस सैल झाले की आम्ही ते आत घ्यायला बाईंकडे न्यायचो.

तिसऱ्या खेपेला मुलीला बाहेर बसवून बाईंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या.

"सर, रागावू नका. ह्ये उपवासाचं न्हाय. हात बर्फासारखं गार हायत पोरीचं, केस माझ्या टेपला चिकटून येतात. डॉक्टरला दाखवा."

"दुःख आहे तिला, ताई."

"असंल. पन दुःखानं जेवन सुटलेला मानूस पोट दिसतंय म्हनून रडत न्हाय. माप घेताना ती रडते."

डॉक्टरांनी हीच लक्षणं विचारली. खाण्याच्या आजाराचे प्रकार असतात, म्हणाले. कुणी जेवणच टाळतं, कुणी भरमसाट खाऊन ओकून टाकतं. मुलीचा पहिला प्रकार होता. वेळेत आणलंत, असंही म्हणाले.

वर्षभराच्या उपचारांनंतर ती आता जेवते. परवा तेच ड्रेस सैल करायला नेले. बाईंनी एक उलटा केला. आत घेतलेलं सगळं कापड तसंच होतं, त्यांनी कापलं नव्हतं.

"लागंल परत, म्हटलं," त्या म्हणाल्या आणि टाके उसवू लागल्या. आम्ही दोघं बाकावर बसून बघत राहिलो.